‘मिळेल का हो?’ : प्रवेशाच्या शक्यतेविषयी वाचकांचे प्रश्न

निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला असतो: एवढ्या गुणांना अमुक सरकारी महाविद्यालय मिळेल का? सोलापुरातील शाळेत गणित शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात पालकांसोबत बसून पसंतीक्रमाच्या याद्या तयार करण्यात वेळ जातो. त्या अनुभवावरून सांगतो, की या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे क्वचितच देता येते, पण कागद आणि पेन घेऊन बसल्यास कोणत्याही घराला स्वतःचा अंदाज स्वतः बांधता येतो. या वेळी निवडलेल्या पाच पत्रांची उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. मुलाला एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत ९८.४ पर्सेंटाइल आहे, आम्ही ओबीसी आहोत आणि सर्व दाखले तयार आहेत. त्याला पुण्याच्या सीओईपी या सरकारी अभियांत्रिकी संस्थेत कॉम्प्युटर शाखा हवी आहे. एका मार्गदर्शन केंद्राने फी घेऊन ‘८२ टक्के शक्यता’ असे कागदावर छापून दिले. त्या भरवशावर मुलगा यादीत दोनच पर्याय भरायचे म्हणतो. त्याला अडवावे की नाही, हे आम्हाला समजत नाही. (एक पालक, सोलापूर)

उत्तर : दादा, त्याला अवश्य अडवा. सीओईपीची कॉम्प्युटर शाखा गेली अनेक वर्षे खुल्या प्रवर्गात ९९.५ च्या वरच बंद होते आणि ओबीसीचा शेवटचा क्रमांकही त्याच्या फार खाली येत नाही. ९८.४ ला ती शाखा मिळणे जवळजवळ अशक्य आहे. हे वाचून घरात वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, पण ते आज कळलेले बरे, कारण आज यादी बदलता येते.

८२ टक्के हा आकडा कुठून आला, हे त्या केंद्राला विचारून पाहा. शंभर मुलांना त्यांनी ‘८२ टक्के’ असे लिहून दिले असेल, तर त्यांपैकी साधारण ८२ मुलांना ती जागा मिळाली असल्याची नोंद त्यांच्याकडे हवी. अशी नोंद दाखवणारे केंद्र मला आजवर भेटलेले नाही. नोंद नसेल, तर तो आकडा केवळ छापलेला आहे, मोजलेला नाही.

आता मोजायचे कसे, ते सांगतो. ९८.४ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभर मुलांपैकी साधारण ९८.४ मुले आपल्या बरोबरीने किंवा मागे आणि १.६ मुले पुढे. निकालपत्रावर दशांश चिन्हापुढे सात आकडे छापलेले असतात, त्यामुळे ती संख्या फार अचूक भासते. परंतु पुढे नेमकी किती मुले आहेत, हे परीक्षा किती जणांनी दिली यावर ठरते. २०२४ मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा सुमारे तीन लाख विद्यार्थ्यांनी दिली होती, २०२५ मध्ये ती संख्या चार लाखांच्या वर गेली. म्हणजे २०२४ मध्ये ९८.४ च्या मुलापुढे पाच हजारांच्या आत मुले होती आणि २०२५ मध्ये साडेसहा हजारांहून अधिक. सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयच्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. ‘शेजारच्या मुलाला याच पर्सेंटाइलला मिळाले होते’ हे वाक्य दर जून महिन्यात मी ऐकतो आणि दर वेळी हाच हिशेब मांडून दाखवतो. पर्सेंटाइलची तुलना पर्सेंटाइलशी करू नये. ही परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी कक्ष गुणवत्ता यादीत जो मेरिट नंबर देतो, त्याची तुलना मागील वर्षांच्या मेरिट नंबरशी करावी.

ते मागील नंबर सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीनंतरच्या कटऑफ यादीत असतात. ती पीडीएफ शेकडो पानांची असल्याने पालक घाबरतात, पण तिची रचना एकदा समजली की ती वाचणे अवघड नाही. महाविद्यालयाच्या नावाखाली शाखा आणि शाखेखाली चौकटी असतात. चौकटीच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांचा एक सांकेतिक शब्द असतो: सुरुवातीचे ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण आणि ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव, मधली अक्षरे प्रवर्गाची, आणि शेवटचे अक्षर ‘एच’, ‘ओ’ किंवा ‘एस’. ‘एच’ म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील मुलांसाठी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातील मुलांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यभरातील सर्वांसाठी. आपल्या मुलाने बारावी सोलापूर जिल्ह्यातून केली असल्याने सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत तो ‘एच’ चौकटीत येतो आणि पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ‘ओ’ चौकटीत. आपले विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते असल्याने सोलापूरची मुले बहुतेक ठिकाणी ‘ओ’च असतात, आणि पुण्यातील एखाद्या मित्राच्या ‘एच’ चौकटीतला आकडा पाहून हुरळून जातात. सीओईपीला हा भेद नाही, तेथे ‘एस’ची चौकट पाहावी. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर मेरिट नंबर आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. आपल्याला वरचा आकडा हवा. ओबीसीच्या मुलाचा विचार खुल्या जागेसाठीही गुणवत्तेनुसार होतो, म्हणून खुल्या आणि ओबीसी अशा दोन्ही चौकटी पाहाव्यात.

एक वही घ्या आणि मुलाला आवडणाऱ्या प्रत्येक शाखेसमोर गेल्या तीन वर्षांतील शेवटच्या फेरीचे नंबर लिहा. समजा एखाद्या शाखेसमोर ५,४००, ६,३०० आणि ७,१०० असे आकडे आले आणि मुलाचा नंबर ५,००० असला, तर सर्वांत कडक वर्षातही ती जागा त्याला मिळाली असती. तिला खात्रीची म्हणा. नंबर ६,००० असला, तर ती अटीतटीची. ८,००० असला, तर आशेची. यापेक्षा बारीक अंदाज प्रामाणिकपणे बांधता येत नाही. तीन वर्षांतील आकड्यांचे अंतर जितके मोठे, तितका आपला अंदाज सैल ठेवावा. ज्या चौकटीत एक किंवा दोनच जागा असतात, तिच्यावर तर विसंबूच नये. एका घराने ऐनवेळी दुसरीकडे प्रवेश घेतला की तिथला शेवटचा नंबर हजारोंनी सरकतो.

शेवटच्या फेरीचे आकडे लिहा, असे मी मुद्दाम म्हटले. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी एका सरकारी महाविद्यालयाचे नाव यादीतून काढायला सांगितले, कारण मी फक्त पहिल्या फेरीची आणि तीही एकाच वर्षाची यादी पाहिली होती. तिसऱ्या फेरीत तिच्यापेक्षा मागच्या नंबराला तीच जागा मिळाली. वरचे विद्यार्थी आयआयटी-एनआयटीकडे गेले की जागा मोकळ्या होतात, हे मला माहीत असूनही मी त्या दिवशी यादी नीट उघडली नाही. त्या मुलीचे वडील मला अजूनही आदराने नमस्कार करतात, आणि मला ते अवघड जाते. तेव्हापासून तीन वर्षांच्या सर्व फेऱ्या पाहिल्याशिवाय मी कोणालाही नाव काढायला सांगत नाही.

यादीविषयी. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, म्हणून दोनवर थांबण्याचे काहीच कारण नाही. क्रम शक्यतेनुसार लावू नका, आवडीनुसार लावा. संगणक वरून खाली पाहत जातो आणि मुलाच्या नंबराला मिळणारा पहिला पर्याय देतो. सीओईपी कॉम्प्युटर पहिल्या क्रमांकावर ठेवले म्हणून खालच्या पर्यायाचा हक्क जात नाही. मुलाच्या समाधानासाठी ते नाव वर राहू द्या. उलट भीतीपोटी खात्रीचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर ठेवले, तर पहिल्याच फेरीत ते मिळते आणि प्रवेश आपोआप फ्रीझ होऊन पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. २०२५-२६ च्या नियमांत दुसऱ्या फेरीला पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीला पहिले सहा पर्याय असेच बंधनकारक होते. दर वर्षी हे बदलू शकते, म्हणून यंदाच्या माहितीपुस्तिकेतील तेवढे पान दोघांनी मिळून वाचा.

सीओईपीचेच आकर्षण असेल, तर तेथील धातुशास्त्र, स्थापत्य, मॅन्युफॅक्चरिंग या शाखा कॉम्प्युटरपेक्षा बऱ्याच खाली बंद होतात. त्यांचे आकडे वहीत लिहा. सांगलीचे वालचंद आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही लिहा. उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याने टीएफडब्ल्यूएस या शिक्षणशुल्क माफीच्या जागांचाही विचार व्हावा. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो आणि त्या साध्या जागेपेक्षा वरच्या नंबराला भरतात, म्हणून यादीत आधी टीएफडब्ल्यूएसचा कोड आणि त्याखाली त्याच शाखेचा साधा कोड, अशी जोडी लावावी.

प्रश्न : माझ्या पुतण्याला २०२४ साली नीटमध्ये ६१० गुण मिळूनही सरकारी एमबीबीएस मिळाले नाही. माझ्या मुलीला २०२५ मध्ये ५३५ गुण मिळाले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ‘हिचे काहीच होणार नाही’ असे ठरवून टाकले आणि तिने रिपीटची तयारी सुरू केली. नंतर कळले, की तिच्याहून कमी गुणांची मुलेही सरकारी महाविद्यालयात गेली. हे कसे झाले? धाकट्या मुलीच्या वेळी आम्ही काय पाहावे? (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. ज्या मुलीला जागा मिळण्याची चांगली संधी होती, तिने केवळ चुकीच्या तुलनेमुळे अर्ज केला नाही, हे मनाला लागले.

नीटची प्रश्नपत्रिका ७२० गुणांचीच असते, पण तिची काठिण्यपातळी दर वर्षी सारखी नसते. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही देशात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ ची प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राचा भाग, इतका कठीण होता, की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले. शिखरच इतके खाली आल्यावर त्याखालचा सगळा उतार खाली सरकला. पुतण्याचे ६१० आणि मुलीचे ५३५ हे दोन वेगळ्या मापांनी मोजलेले आकडे होते. एकाच वर्षात परीक्षा देणाऱ्या दोघांचे गुण शेजारी ठेवता येतात. दोन वर्षांतील दोघांचे गुण ठेवायचे असतील, तर त्यांचे अखिल भारतीय क्रमांक ठेवावेत.

त्यातही एक पायरी आहे. सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरतात. राज्याची गुणवत्ता यादी वेगळी निघते आणि तिच्यात अखिल भारतीय क्रमांकासमोर राज्याचा क्रमांक छापलेला असतो. धाकट्या मुलीचा निकाल लागताच मागील वर्षाच्या त्या यादीत तिच्या अखिल भारतीय क्रमांकाच्या जवळचा विद्यार्थी शोधा. त्याच्यासमोरचा राज्य क्रमांक हा तिच्या राज्य क्रमांकाचा पहिला अंदाज. मग सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालय, धाराशिव, लातूर, मिरज अशा प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रवर्गाचा शेवटचा राज्य क्रमांक कोणता होता, ते पाहा. बार्शीहून धाराशिव हाकेच्या अंतरावर आहे आणि तेथील सरकारी महाविद्यालय २०२२ मध्येच सुरू झाले. २०२४ मध्ये राज्यात आणखी नवी सरकारी महाविद्यालये निघाली. जागा वाढल्या की शेवटचा क्रमांक मागे सरकतो, म्हणून चार-पाच वर्षांपूर्वीच्या याद्या पाहून निराश होऊ नये. २०२० पूर्वीच्या याद्या तर बाजूलाच ठेवाव्यात, कारण तेव्हा मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता आणि बार्शीची मुलगी लातूरसाठी बाहेरची ठरत असे. तो कोटा आता नाही.

मोठ्या मुलीला एवढेच सांगा, की तिच्या अभ्यासात काही उणे नव्हते. आणि यापुढे निकाल कसाही लागो, नोंदणी आणि पसंतीक्रम भरल्याशिवाय कोणीही मागे फिरू नये.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. हैदराबादच्या एका निवासी संस्थेत अकरावी-बारावी आणि जेईईची तयारी एकत्र होते. नातेवाईक म्हणतात, तिथे गेला तर आयआयटीची शक्यता वाढते. आमचा समाज धनगर आहे. मेडिकलचाही विचार मनात आहे. तिकडे पाठवल्याने काही तोटा होतो का? (एक पालक, अक्कलकोट)

उत्तर : तोटा होऊ शकतो, आणि तो अभ्यासाचा नसून पात्रतेचा आहे. अक्कलकोटहून कलबुर्गी, विजयपूर किंवा हैदराबाद जवळ वाटते. प्रवेशाच्या नियमांत मात्र मधली राज्याची सीमा फार महत्त्वाची ठरते.

आयआयटीला राज्याचा कोटा नाही, त्यामुळे तेथे फरक पडणार नाही. एनआयटीच्या निम्म्या जागा मात्र त्या-त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि तेथे ‘राज्य’ म्हणजे जन्माचे किंवा रहिवासाचे राज्य नव्हे, तर ज्या राज्यातून बारावी उत्तीर्ण केली ते राज्य. महाराष्ट्रात नागपूरचे व्हीएनआयटी ही एकच एनआयटी आहे. मुलाने हैदराबादच्या महाविद्यालयातून बारावी केली, तर तो व्हीएनआयटीच्या गृहराज्य कोट्यातून बाहेर पडून तेलंगणातील वरंगलच्या एनआयटीच्या कोट्यात जाईल. हा बदल फायद्याचा की तोट्याचा, हे दोन्ही ठिकाणचे शेवटचे क्रमांक शेजारी लिहून पाहता येईल. मेडिकलचा विचार खरोखर असेल, तर मात्र मी स्पष्टपणे ‘पाठवू नका’ असे म्हणेन, कारण महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी काही अपवाद सोडता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच असावी लागते. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशात आई-वडिलांच्या अधिवासावर आधारलेली वेगळी सोय आहे, मेडिकलमध्ये तितकी मोकळीक नाही. तयारी बाहेर आणि बारावीची नोंद महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयात, अशी व्यवस्था करणारे पालक असतात. ती नोंद कागदोपत्रीच राहणार असेल, तर उपस्थितीवरून वर्ष अडचणीत येऊ शकते, हेही लक्षात घ्या.

प्रवर्गाविषयी आपण विचारले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. धनगर समाज राज्याच्या यादीत भटक्या जमाती ‘क’ मध्ये येतो, केंद्राच्या यादीत ओबीसीमध्ये. आयआयटी-एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातील ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या संयुक्त जागावाटपाच्या) यादीत ओबीसीच्या रकान्यातील आकडे हे ओबीसी प्रवर्गातील क्रमांक असतात, सर्वसाधारण यादीतील नव्हेत. मुलाचा सर्वसाधारण क्रमांक त्या रकान्याशी ताडून ‘काहीच मिळत नाही’ असे समजलेली घरे मी पाहिली आहेत. निकालपत्रावर दोन्ही क्रमांक छापलेले असतात. प्रवर्गाच्या रकान्यासाठी प्रवर्गाचाच क्रमांक घ्यावा.

प्रश्न : सर, मी बारावी कॉमर्सला आहे, गणित घेतलेले नाही. मला दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचे आहे. बोर्डात ९० टक्के पडले, तर किती चान्स आहे? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : बाळ, दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो आणि विद्यापीठ बारावीत शिकलेल्या विषयाचीच परीक्षा ग्राह्य धरते. म्हणून त्या अभ्यासक्रमाचा दरवाजा तुझ्यासाठी बंद आहे. बी.कॉम. ऑनर्सला मात्र गणिताऐवजी अकाउंटन्सी किंवा बुककीपिंग चालते आणि तो विषय तुझ्याकडे आहे. २०२२ पासून तेथील पदवी प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात. बोर्डाच्या टक्क्यांना बरोबरी सोडवण्यापुरतेच महत्त्व उरले आहे. त्यामुळे ९०, ९८ असे जुने कटऑफ पाहू नकोस. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांवर आधारलेला असतो, आपल्या बोर्डाच्या पुस्तकातून काही प्रकरणे सुटतात. ती कोणती, हे आजच दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून शोध. प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते. पसंती भरल्यानंतर विद्यापीठ अंतिम वाटपापूर्वी एक अंदाजित क्रमांक दाखवते आणि यादी बदलायला थोडे दिवस देते. त्या दिवसांत यादी पुन्हा नीट लावायची.

प्रश्न : माझी नात कॅलिफोर्नियात बारावीत आहे. तिला तिथल्या सरकारी विद्यापीठात, बर्कलीला, जायचे आहे. तिचा मामा तिथेच एम.एस. झाला. ती दर सुट्टीत सोलापूरला येते आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या विडी कामगार बाईंच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते. तिला प्रवेश मिळेल का, हे आपल्या पद्धतीने सांगता येईल का? (एक आजी, सोलापूर)

उत्तर : आजी, आपल्याकडची पद्धत तेथे अर्धीच लागू पडते. आपल्याकडे एक परीक्षा, एक क्रमांक आणि एक शेवटचा आकडा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात पदवीसाठी नऊ संकुले आहेत आणि कोणत्याही संकुलात शेवटचा क्रमांक असा नसतो. तिकडच्या सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण ते प्रवेशासाठी पाहतच नाहीत. शाळेतील गुण, घेतलेल्या विषयांची कठीणता, ज्या परिस्थितीत मूल शिकले ती परिस्थिती आणि मुलाने स्वतः लिहिलेली उत्तरे, हे सगळे एकत्र वाचून निर्णय होतो. त्यामुळे दोन सारख्या गुणांच्या मुलींपैकी एकीला जागा मिळते आणि दुसरीला मिळत नाही, आणि त्यात पहिलीचे कर्तृत्व जास्त होते असेही म्हणता येत नाही.

अलीकडच्या वर्षांत बर्कलीला शंभर अर्जांमागे साधारण अकरा जणांना होकार मिळतो, लॉस एंजेलिसला त्याहूनही कमी. हे सरासरीचे आकडे आहेत. नातीला कॉम्प्युटर सायन्ससारखा विषय हवा असेल, तर तिने स्वतःची शक्यता सरासरीपेक्षा कमीच धरावी. कॅलिफोर्नियाचे रहिवासी असण्याचा तिला फायदा आहे, कारण बाहेरच्या राज्यांतील आणि देशांतील विद्यार्थ्यांच्या संख्येवर बर्कलीसारख्या संकुलांत मर्यादा घातलेली आहे. मामा तिथे शिकल्याचा मात्र काहीही उपयोग होणार नाही; ते विद्यापीठ अशा नात्याचा विचार करत नाही.

खात्रीचा पर्याय तेथेही आहे. राज्यातील किंवा स्वतःच्या शाळेतील वरच्या नऊ टक्क्यांत येणाऱ्या रहिवासी विद्यार्थ्याला, त्याने अर्ज केलेल्या संकुलांत जागा मिळाली नाही तरी, जिथे जागा शिल्लक असेल अशा संकुलात ती देऊ करतात. बहुधा ते मर्सेड असते. तिने शाळेतील समुपदेशकांना आपण त्या नऊ टक्क्यांत येतो का, हे विचारावे. मग यादी आपल्या वहीसारखीच करावी: बर्कली आणि लॉस एंजेलिस आशेच्या रकान्यात, मधली संकुले अटीतटीच्या रकान्यात आणि ज्या एक-दोन ठिकाणी अर्ज करणाऱ्या बहुतेकांना होकार मिळतो ती खात्रीच्या रकान्यात. खात्रीच्या रकान्यात तीच नावे लिहावीत, जिथे ती खरोखर आनंदाने चार वर्षे राहील.

अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत उत्तरे लिहायची असतात. त्यांतला एक प्रश्न आपण आपल्या समाजासाठी काय केले, याविषयी असतो. विडी कामगार बाईंच्या मुलांविषयी तिने तेथे लिहावे. दुपारी सुपात तेंदूची पाने कापत बसलेल्या आईशेजारी मूल पुस्तक उघडते, ते कोणत्या शब्दावर अडते, पुढच्या सुट्टीत आल्यावर काय विसरलेले असते आणि त्यावर हिने कोणता उपाय केला, हे तिने जसे घडले तसे लिहावे. आपण तिच्याशी फोनवर बोलाल, तेव्हा तिला त्या मुलांची नावे आणि त्या दुपारच्या लहानसहान गोष्टी आठवून द्या. आपण घरात बसून त्या पाहिल्या आहेत आणि तिला कदाचित त्या लिहिण्याजोग्या वाटणार नाहीत. अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर संपते, म्हणून हे बोलणे दिवाळीपूर्वी व्हावे.